पायांशी पडलेली सावली

वैशाखाची रात्र होती. वद्य षष्ठीची, उशिरा चंद्र उगवणारी, दिवसभर तापलेल्या दगडांतून हळूहळू ऊब सोडणारी रात्र. देऊळझरीच्या माळावरून वारा येत होता, आणि त्या वाऱ्यात पिकल्या लिंबोळ्यांचा उग्र गंध होता, विझत आलेल्या चुलींचा धूर होता, आटत चाललेल्या नदीचा ओला श्वास होता. तारकांनी आकाश गच्च भरलं होतं. गाव निजलं होतं.

वऱ्हाडातलं गाव उन्हाळ्यात घरात निजत नाही. अंगणात, ओट्यावर, गल्लीच्या कडेला बाजा पडतात. बाजांवर माणसं पडतात. माणसांवर पांढऱ्या चादरी पडतात. दारं सताड उघडी राहतात. आणि त्या उघड्या दारांतून आत दिसतो भिंतीवरचा इवलासा तांबडा विजेचा दिवा, दिव्याखालचा सुकला हार, हारातला चेहरा. जिवंत माणसं बाहेर, डोक्यावरून चादर ओढून निश्चल. मेलेली माणसं आत, दिवा लावून जागी. देऊळझरीला यात काही वावगं वाटत नाही. सवय झाली की माणूस कशाशेजारीही घोरतो.

कुमुदला मात्र झोप नव्हती. गळ्यात बापाचा जुना कॅमेरा, खांद्यावर बापाचाच स्टँड, आणि पायांत आवाज न करणाऱ्या कापडी चपला, अशी ती पन्नाशीची बाई आपल्याच गावात चोरासारखी हिंडत होती. अमरावतीच्या एका शाळेत ती मुलांना चित्रकला शिकवायची. उभ्या गावाचे चेहरे तिला पाठ होते. एक तेवढा हरवला होता.

तो चेहरा तिच्या बापाचा होता.

गुणवंतराव काळमेघ हे देऊळझरीचे एकुलते एक फोटोग्राफर. चाळीस वर्षं त्यांनी गाव टिपलं. बारशी टिपली, लग्नं टिपली, आणि केस पांढरे झाले की ज्याची त्याला गरज पडते तो भिंतीवरचा फोटोही टिपला. देऊळझरीत हा फोटो माणूस जिताजागता असतानाच काढून ठेवायची रीत आहे. ऐन वेळी पळापळ नको, म्हणून. लोक न्हाऊनधुऊन, गंध लावून, टोपी झटकून स्टुडिओत यायचे. स्टुडिओच्या खुंटीवर एकच कोट होता, काळा, जाड, दुसऱ्या क्रमांकाचं बटण तेवढं तपकिरी. बारीक माणसाला तो मागून चिमटे लावून बसवायचा, जाड्या माणसाला नुसता खांद्यांवरून पांघरायचा. मग काळ्या कापडाआडून गुणवंतरावांचा आवाज यायचा, 'हलू नका.' आणि माणूस हलायचा थांबायचा.

उभ्या गावाचा फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोटो मात्र कुणी काढला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. 'काढू उद्या,' म्हणता म्हणता गेल्या वैशाखात, वद्य सप्तमीला, ते गेले. रेशनकार्डावर नुसतं नाव होतं, आणि आधारकार्डावरच्या करड्या डागात डोळे कुठले अन् मिशी कुठली ते त्यांच्या लेकीलाही सांगता येईना. तेराव्याला चौरंगावर त्यांचा कॅमेरा ठेवला, त्याला हार घातला. लोकांनी त्या कॅमेऱ्याला हात जोडले, आणि जोडता जोडता सवयीनं ताठ उभे राहिले. कुमुदला तेव्हा हसू आलं होतं. मग रडू आलं होतं.

आता उद्या वर्षश्राद्ध. चौरंग पुन्हा मांडायचा. आणि या वर्षभरात एक भयंकर गोष्ट घडली होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. बापाचा चेहरा तिला आठवेनासा झाला होता. आवाज आठवत होता. बोटांना येणारा, फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास आठवत होता. उजवा खांदा खाली टाकून चालायची ढब आठवत होती. पण चेहऱ्याच्या जागी काळं कापड येई. लहानपणापासून तिनं त्यांना बघितलं ते कॅमेऱ्याच्या मागे. आठवणीतही ते तिथेच जाऊन लपले होते.

म्हणून ती हिंडत होती. गावातल्या घराघरांत बापाचा हात होता. कुठल्या तरी फोटोत, मागच्या आरशात, चष्म्याच्या भिंगांत, पितळी तांब्याच्या पोटावर, तो कुठे तरी सापडेल अशी तिला वेडी आशा होती. दिवसा ती चार घरी जाऊन आली होती. पण दिवसा दारातला उजेड फोटोच्या काचेवर नाचतो, आणि बायका चहा पाजून, पदर डोळ्यांना लावून, मूळ काम विसरायला लावतात. रात्री काच निवळते. रात्री त्या तांबड्या दिव्याखाली चेहरे आतून वर येतात, अंधाऱ्या खोलीत ट्रेमधल्या पाण्यातून वर यायचे तसे. बाप म्हणायचा, फोटो उजेडात काढायचा, अंधारात तो नुसता धुवायचा. त्यानं रात्रीचं गाव कधी टिपलं नव्हतं. ती टिपत होती.

बारा फोटोंचं रीळ होतं. एकेका दारासमोर ती स्टँड रोवी, कॅमेरा चढवी, बाजेवरच्या चादरीला ओलांडून भिंग आत रोखी, आणि शटर उघडून मनात अंक मोजी. उघड्या दारात कोटवाले म्हातारे बसलेले. डाबेराव सावकार कोटात, त्यांचा सालदार किसन कोटात. जन्मभर ज्यांनी एकमेकांच्या ओट्यावर पाय ठेवला नाही, ते समोरासमोरच्या भिंतींवर एकाच कोटात. तेच तपकिरी बटण, तीच ताठ मान, तीच धरलेली श्वासाची गाठ. नीलकृष्ण रात्र, रक्तवर्ण दिवा, श्वेतवस्त्र निद्रा. गल्लीमागून गल्ली, दारामागून दार. वारा पडे, तेव्हा सगळ्या गावाचा घोरण्याचा एक खोल, मंद, एकसुरी आवाज ऐकू येई.

आणि तिच्या एक गोष्ट लक्षात आली. त्यानंतर तिच्या मानेवरचा काटा बसेचना.

ते तिच्याकडे बघत नव्हते. प्रत्येक दारातला, प्रत्येक भिंतीवरचा, कोटातला किंवा नऊवारीतला, तो तो डोळा तिच्या खांद्यावरून, किंचित मागे, कुणाकडे तरी बघत होता. ती डावीकडे सरकली, तरी मागे. उजवीकडे सरकली, तरी मागे. तिनं दोनदा वळून पाहिलं. मागे गल्ली होती, गल्लीत उजाड चांदणं नुकतं उतरत होतं, आणि एक कुत्रं अंगाचं वेटोळं करून निजलं होतं. दुसरं कुणी नव्हतं.

अकरा फोटो झाले. एकातही आरसा नव्हता. तिला खरोखर भीती वाटू लागली, भुताची नव्हे. भूत असतं तर निदान चेहरा तरी दिसला असता. उद्या पुन्हा कॅमेऱ्यालाच हार घालावा लागेल, आणि पुढच्या वर्षी आवाजही जाईल, मग वास जाईल. नदीकडच्या शेवटच्या घरापाशी ती मटकन खाली बसली.

तिथल्या बाजेवरची चादर हलली.

"कोन हाये?"

"मी आहे काकी. कुमुद. काळमेघांची."

"गुणवंताची?" सुभद्राकाकी उठून बसल्या. ऐंशीच्या पुढच्या, कपाळ मोकळं, हातात वेळूची काठी. अठरा वर्षांपूर्वी त्यांचा नवरा धोंडबा गेला, तेव्हापासून या घरात त्या एकट्या. "इतक्या रातीची काय करून रायली पोरी? अन् हे घोडं कायचं खांद्यावर?"

"बाबांचा फोटो हुडकून रायली, काकी. उद्या वर्षश्राद्ध आहे. कुठंच नाही फोटो."

काकींनी काठीनं जमीन दोनदा टोचली. मग म्हणाल्या, "माह्या घरी हाये न तुहा बाप."

कुमुदला वाटलं, म्हातारीला भास होतो आहे.

"अशी काऊन पाह्यते? आत चाल."

आतली खोली एकच, पूर्वेच्या दाराची. इथे फोटो भिंतीवर नव्हता. तो खाली होता, जमिनीलगत, पाटावर, भिंतीला टेकवून ठेवलेला. मेल्या माणसाचा फोटो असा खाली ठेवू नये म्हणून शेजारणी कुरकुरत. काकींनी कुणाला भीक घातली नव्हती. फोटोत धोंडबा बाजेवर बसला होता, अनवाणी, अंगात कोट नाही, नुसती बंडी. गावातला हा एकच मेलेला माणूस हसत होता.

"हे अंथरुनाले खिळले होते," काकी म्हणाल्या. "स्टुडिओत येनं होत नव्हतं. तं तुहा बापच कॅमेरा घेऊन आंगनात आला. संध्याकाळचं ऊन होतं. फोटो धुतला अन् मले दाखवाले आनला, तं तोंड एवढुसं करून मने, काकू, माह्याकडून चूक झाली. ऊन पाठीवर घेतलं, तं माही सावली पडली याच्या पायावर. मी खालून कापून देतो, छातीपर्यंत ठेवतो, सगळ्यायचा असते तसा."

"मग?"

"मी मनलं, कापू नको. छातीपर्यंतच्या मानसाच्या पाया कशी पडू? मले पाय पाह्यजेत." काकींनी पदर सावरला. "मंग हासला तो. मने, राहू दे मंग काकू. मी बी बसतो याच्या पायापाशी."

कुमुद गुडघ्यांवर बसली. दिव्याच्या तांबड्या कवडशात तिनं फोटो निरखला. धोंडबाच्या भेगाळल्या पावलांवर, बाजेच्या दोन खुरांमधून, एक लांब सावली येऊन टेकली होती. टोपी होती. वाकलेलं कोपर होतं. डोळ्यांशी धरलेल्या कॅमेऱ्याचा चौकोन होता. आणि उजवा खांदा खाली पडलेला होता. अठरा वर्षांच्या कुंकवानं त्या जागी काचेवर तांबूस पुट चढलं होतं.

"दोघायच्याही पाया पडते मी रोज," काकी म्हणाल्या. "एकाच फुलात होते."

तेवढ्यात लाईन गेली. एकाच क्षणी गावातले सगळे तांबडे दिवे मिटले. सगळे कोट, सगळे हार, सगळ्या ताठ माना अंधारात बुडाल्या. काळोखानं देऊळझरी ओंजळीत घेतली. मग नदीपलीकडच्या बाभळींच्या वर आलेला तो अर्धा, पिवळट, जागरणानं शिणलेला चंद्र पूर्वेच्या दारातून आत आला आणि पाटापर्यंत पोचला.

एक फोटो उरला होता. कुमुदनं दारात स्टँड रोवला, कॅमेरा चढवला, भिंग पाटाकडे केलं. आणि थबकली. चंद्र तिच्या पाठीशी होता. तिची सावली जमिनीवरून सरकत जाऊन फोटोच्या काचेवर, नेमकी त्या पायांपाशी, पडली होती. बापाची चूक. ज्या चुकीसाठी लहानपणी तिनं त्यांची टपली खाल्ली होती, 'गिऱ्हाइकावर सावली पाडायची नाही, कुमे', तीच चूक.

ती बाजूला झाली नाही. तिनं शटर उघडलं.

चांदण्यात फोटो उमटायला वेळ लागतो. तीनशे अंक मोजायचे होते, आणि तोवर सावली हलता कामा नये. ती उभी राहिली. एक हात स्टँडवर, कोपर वाकलेलं, आणि दिवसभराच्या ओझ्यानं उजवा खांदा खाली पडलेला. काचेवर तिच्या सावलीनं त्या सावलीला हलकेच स्पर्श केला. मग कुठली कुणाची ते कळेना.

शंभर झाले. तिनं मान न हलवता धोंडबाकडे बघितलं. धोंडबा हसत होता, तिच्या खांद्यावरून, किंचित मागे बघून हसत होता, आपल्या पायांवर आलेल्या एका चुकार माणसाला. आणि आता तिला कळलं, गावातले ते सगळे कुणाकडे बघतात. चाळीस वर्षं ज्यानं त्यांना हलू नका म्हणून सांगितलं, त्याच्याकडे. भिंतीभिंतींवरचा प्रत्येक डोळा गुणवंत काळमेघांवर खिळला होता आणि अजून ढळला नव्हता. चेहरा तिला आठवला नाही. पण तो कुठे आहे ते आता तिला ठाऊक झालं, आणि तिचे डोळे घळघळा वाहू लागले. तिनं ते पुसले नाहीत.

दोनशे झाले. उद्या चौरंगावर हे ठेवायचं होतं. दोन पाय, एक सावली, आणि कुणी पाया पडलं तर पडलं.

बाहेर गाव निजलं होतं. पांढऱ्या चादरी चांदण्यात निश्चल होत्या. पाठीवर, अगदी मानेपाशी, तिला ओळखीची ऊब जाणवली, तापल्या दगडाची असेल, वाऱ्याची असेल. आणि त्या उबेत हायपोचा आंबूस वास होता. वळावं, एकदाच वळावं, असं तिला जिवाच्या आकांतानं वाटलं.

'हलू नका,' आवाज म्हणाला.

आणि कुमुद हलली नाही.