न निवडलेलं पोतं

अमीनभाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून मूठभर बदाम वर काढले. त्यातला एक दाढेखाली धरून चावला. डोळे मिटले.

"गोड," ते म्हणाले. "कंदहारचा माल. तिकडच्या थंडीचा गोडवा हाय ह्यात."

मिरजेपलीकडं त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण त्या डोंगरउतारांवर झाडं कशी फुलतात, काठ्यांनी बदाम कसे झोडतात, बी टाकून वाढवलेलं झाड गोड निघेल की कडू हे बागेच्या मालकालाही कसं ठाऊक नसतं, हे सगळं ते मुंबईच्या दलालांकडून ऐकत आणि कालच तिथून परतल्यासारखं गिऱ्हाइकांना सांगत.

नजीरानं, त्यांच्या लेकीनं, तळहातावरचा दुसरा दाणा उचलला. कडू होता. तिनं तो गिळला आणि तराजूची साखळी सरळ करत बसली.

मानमोडीच्या साथीत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी आली. अब्बा त्याच तापातून उठले, पण जिभेची चव गमावून. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एकदा साफ कडू दाणा शांतपणे चघळून त्यांनी वर आणखी एक मागून घेतला, तेव्हा तिला कळलं. तेव्हापासून शुक्रवारी ते मशिदीत गेले की ती आठवड्याचा नवा माल चादरीवर ओतायची. प्रत्येक पोत्यातल्या कडूंचा चेहरा वेगळा. कुठं बुटके, कुठं चपटे. थोडे दाणे चावून तो चेहरा ओळखायचा, मग नजरेनं निवडायचं. अब्बा परतायच्या आत पोतं पुन्हा शिवलेलं असे. कोल्हापुरातल्या तालमी अमीनभाईंचा बदाम डोळे झाकून नेत.

आजही शुक्रवार होता. अब्बा टोपी झटकत असतानाच सयाजी वस्तादांच्या तालमीतला गुंडू पैलवान दुकानाच्या पायरीवर उभा राहिला.

"काय चाचा, आमचं पोतं काढलं का न्हाय? वस्ताद म्हंत्यात, उशीर झाला तर चाचालाच आखाड्यात उतरवतो."

"उतरव की! तुझ्यासारखी दोन काखंत मारून आणीन."

"सांजच्याला न्या," नजीरा मध्येच बोलली. "अजून शिवायचं हाय."

"शिवायला काय लागतंय?" अब्बांनी दाभण उचललं, भराभरा टाके घातले आणि स्वतः हात देऊन पोतं गुंडूच्या खांद्यावर चढवलं. "ने. चाखलंय मी."

गुंडू वळणाआड गेला तरी नजीरा रस्त्याकडं बघत होती.

"काय गं, चेहरा असा का?" अब्बांनी विचारलं.

"काही न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा उठलेच नाहीत.

घर माणसांनी भरलं. जो येई तो त्यांच्या पारखी जिभेबद्दल बोले. ते ऐकताना आईचा, चाँदबीचा, हुंदका थांबे; ती मान हलवी, आणखी कुणी बोलेल म्हणून वाट पाही. नजीराला एका जागी बसवत नव्हतं. भरलेला तांब्या ती पुन्हा भरून आणी. अंथरलेली सतरंजी पुन्हा अंथरी. एखाद्या कडू दाण्यानं नुसतं तोंड बिघडतं, पण मूठभर थंडाईत घोटले गेले तर पोटात जहर जातं. खांदा द्यायला आलेल्या गुंडूला तिनं दारातच गाठलं.

"पोतं फोडलं?"

"न्हाय, आक्का. वस्तादांनी तालीम बंद ठेवलीया. चाचाची तिसऱ्या दिवसाची जियारत होईस्तोवर आखाड्याच्या मातीला हात लावायचा न्हाय म्हणाले."

तिसऱ्या दिवशी जियारतीला सयाजी वस्ताद स्वतः आले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"भाभी, उद्या तालीम उघडतो," ते चाँदबीला म्हणाले. "अमीनच्या हातचं शेवटचं पोतं हाय. त्याच्या नावानं थंडाई घोटायची, सगळ्या पोरांना पाजायची. पहिला प्याला गुंडूला. रविवारी खासबागेत त्याची कुस्ती हाय."

"वस्ताद, ते पोतं परत द्या," नजीरा दारातून म्हणाली. "दुसरं देते. त्याला कीड लागलीया."

"अमीननं चाखलेल्या पोत्याला कीड? पोरी, दुःखानं काहीबाही बोलाय लागलीस."

"दलालानं फसवलं असंल."

"कुणाला? त्या जिभेला?"

बसलेली माणसं हसली. चाँदबीही हसली, तीन दिवसांत पहिल्यांदा. पदरानं डोळे पुसत तिनं लेकीकडं पाहिलं, जणू तूही हस म्हणून.

नजीरा आत आली. आईकडं पाठ करून वस्तादांच्या समोर बसली.

"अब्बांना चव कळत न्हवती, वस्ताद. मानमोडीपास्नं. कडू आन् गोड त्यांना एकच लागायचं." तिनं मागं वळून पाहिलं नाही. "ते नमाजाला गेले की निवडायची मी. हे पोतं मी निवडलेलं न्हाय."