बटण दाबण्याआधी सुरू होणारं मशीन

हे तुम्हाला पटणार नाही. पटलंच, तर डोकं तपासून घ्या. पण वहिनींचं भरतकामाचं मशीन तीन दिवस झाले बटण दाबण्याआधीच सुरू होतंय, आणि ही करामत माझी.

झालं असं. मशीनच्या सुईला वाट दाखवणाऱ्या कॉम्प्युटरने मंगळवारी मान टाकली. तो आणि माझ्या खोलीतला, दोघे एकाच दिवशी घेतलेले, जुळे भाऊच. इकडे बँडवाल्यांच्या एकशेवीस टोप्यांवर तुतारी भरून शनिवारी सकाळी द्यायची होती. हे काम गेलं असतं, तर वहिनी आपल्या छोट्याशा कारखान्याला कुलूप लावून पुन्हा जुन्या मालकाकडे बटणं लावायला जाणार होत्या. तो मालक शिंकायलासुद्धा परवानगी घ्यायला लावायचा.

पुतणीने डिस्क बदलली आणि फुकटातली सिस्टीम आणली. "काका, ही कुणाच्या मालकीची नाही. आवडली नाही तर दुसरी लावू. शेकडो आहेत."

शेकडो! बुधवारभर एकेक लावून पाहिली. रंग वेगळे, नावं वेगळी, आत मात्र सगळीकडे तोच कारभारी. कारभारी म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यांत आधी उठून बाकीच्यांना उठवणारा प्रोग्राम. पूर्वी बिचारा एवढंच करायचा. आता घड्याळ त्याच्याकडे, नोंदवही त्याच्याकडे, दाराच्या किल्ल्याही त्याच्याकडेच. शिवाय बसायला ऐसपैस जागा हवी. वहिनींच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरात त्याची एक मांडीसुद्धा मावेना. मेमरी वाढवावी, तर दुकानदार म्हणाला, "आजोबा, असली मेमरीची पट्टी आता बनत नाही."

"अगं, दुसरा कारभारी नाहीच का?" मी पुतणीला विचारलं.

"आहेत की चार-दोन. पण आपला भरतकामाचा प्रोग्राम याचंच ऐकतो. दुसऱ्याने हाक मारली की कूस बदलून झोपतो."

वहिनी उठल्या. टोप्यांची खोकी परत बांधायला दोरी शोधू लागल्या. ते काही मला बघवेना.

"थांबा," म्हटलं, "मीच लिहितो कारभारी."

लिहिला. पण आपल्या घरची सकाळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिला, तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. घड्याळ म्हणे, आधी नेटवर्क उठू दे. नेटवर्क म्हणे, आधी घड्याळ. सुई म्हणे, त्या दोघांचं मिटलं की मला सांगा. आमच्याकडे थंडीत अंघोळीला चालतं, तस्सं. मग मला आमच्या आईची रीत आठवली. कोण जागं, कोण झोपलेलं, चौकशीच नाही. सगळ्यांची पांघरुणं एकदम ओढायची! अकरा ओळींत बसवली ती रीत. सगळे ताडकन उठले. इतका धसका घेतला म्हणता, की दारात वहिनींची चप्पल वाजली तरी मशीन सुरू. काल त्या नव्वदावी टोपी लावत होत्या, तर शंभरावी आधीच भरून तयार!

आज सकाळी टोप्या गेल्या आणि रिकाम्या कारखान्यात मी हे सगळं रंगवून सांगत होतो. शेजारचे, शर्टांना काजं करून देणारे काजंवाले ऐकत होते.

"शंभरावी? दोऱ्याशिवाय?" त्यांनी विचारलं.

"दोरा मागाहून घातला," मी म्हणालो.

पुतणी पोट धरून खुर्चीत कलंडली. वहिनी शांतपणे मशीन पुसत होत्या. फडकं झटकून त्या म्हणाल्या,

"भाऊजी, रोज सकाळी या पडद्यावर पहिलं नाव त्या जुन्या कारभाऱ्याचंच येतं. वाचता येतं मला. आणि काल चहा द्यायला आले, तेव्हा तुमच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडं होतं आणि आतली पट्टी गायब होती. थापाडे कुठले! म्हणून तीन दिवस पत्ते खेळायला माझा मोबाइल मागताय होय?"