जादा वेढे

पलूसच्या एसटी स्टँडमागं सोपानचं मोटारी भरायचं, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की कुंडलपासूनचे बागायतदार ती बैलगाडीत घालून तिथं आणत. सोपान मोटार खोलायचा, गिऱ्हाईकाशी बोलायचा, जोडून चालू करून द्यायचा. तांब्याच्या तारेची गुंडाळी मात्र मागच्या खोलीत त्याची बायको पारूबाई करायची. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि गावाला ते ठाऊक असूनही कुणी बोलून दाखवत नव्हतं. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत सोपानला रक्ताची गुळणी आली आणि कराडच्या पुढं डोंगरउतारावर क्षयाचा दवाखाना होता, तिथं त्याला ठेवला. पारूबाईनं दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दुकान उघडलं. मोटारी येत राहिल्या, ती भरत राहिली. लोक म्हणताना अजून "सोपानकडं भरली" असंच म्हणत.

मार्चमध्ये त्या दवाखान्याची जीप दुकानापुढं थांबली. सुपरवायझर लालासाहेब खाली उतरले. पलटणीत वीस वर्षं गाड्यांची दुरुस्ती करून आलेला माणूस. मिशा पिळदार, बोलण्यात निम्मं हिंदी. मागनं शिपायानं एक जड लोखंडी पेटी उतरवली.

"कारागीर कुठंय?" लालासाहेबांनी विचारलं.

"बोला की," पारूबाई म्हणाली.

त्यांनी आत डोकावून पाहिलं. आत कुणी नव्हतं. "सोपान म्हनला, आमच्या दुकानात होतंय काम. मला वाटलं कुनी पोरगा ठेवला आसंल."

"न्हाई. मीच हाय."

लालासाहेबांनी पेटी परत जीपमध्ये घालायला सांगितलं असतं, पण दुसरीकडं न्यायला जागा उरली नव्हती. ती पेटी म्हणजे बॅटऱ्या भरायचा चार्जर होता. अमेरिकेत साहेबलोक गोल्फ म्हणून एक खेळ खेळतात, मैलभर हिरवळीवरनं चेंडूमागं हिंडतात. तिथं बसून हिंडायची बॅटरीवरची छोटी गाडी कुणा दानशूर माणसानं दवाखान्याला पाठवली होती. वॉर्ड खाली, एक्स-रेची खोली वर टेकाडावर. धाप लागलेल्या पेशंटला त्या गाडीत बसवून वर न्यायचे. वर्षभर गाडी झकास चालली. मग चार्जर जळला. पुण्याला भरून आणला, दीड महिन्यात जळला. सांगलीला भरून आणला, तो महिनाभरसुद्धा टिकला नाही. आता पेशंट खुर्चीत बसवून दोघं जण उचलून नेत होते. गाडीच्या बॅटऱ्या मरू नयेत म्हणून लालासाहेब जीपच्या चार्जरवर एकेक भरून त्या कशाबशा तगवत होते.

पारूबाईनं तिथंच झाकण खोललं. आतला ट्रान्सफॉर्मर काळा ठिक्कर पडला होता. तिनं बोटानं काजळी काढून हुंगली. मग झाकणावरची पितळी पट्टी पदरानं पुसली. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, आकडे येत होते. एका आकड्यावर तिचं बोट थांबलं.

"हे साठ कशाचं वं?"

"कंपनीचं आसंल काय तरी. तुला त्याच्याशी काय करायचंय?"

"आपल्या सगळ्या मोटारींवर त्या जागी पन्नास आसतंय."

"देखो बाई, आपली लाईट दोनशे तीसची, हा चार्जर एकशे पंधराचा. त्याचा बंदोबस्त हमने किया है. लाईट उतरवून देनारा डबा लावलाय. तू फकस्त भरून दे. सेम टू सेम. एक वेढा कमी न्हाई, एक वेढा जास्त न्हाई."

"पुन्यात आन सांगलीत तसाच भरला का?"

"तसाच."

"मग मी न्हाई तसा भरायची."

लालासाहेबांना आयुष्यात फार थोड्यांनी नाही म्हटलं असेल.  पारूबाईनं सांगितलं ते असं: चार वर्षांमागं दहिवडीकडचा एक जोतिबा मुंबईच्या गोदीत कामाला होता. त्यानं बोटीवरचा एक पंखा आणला होता, त्याच्यावरही त्या जागी साठ होतं. सोपाननं तो दोनदा मोजून मापून तसाच भरायला लावला, दोनदा जळला. तिसऱ्यांदा पारूबाईनं कुणाला न विचारता पाचवा हिस्सा वेढे जादा घातले. तो पंखा अजून फिरतोय. असं का होतं ते तिला माहीत नव्हतं. होतं एवढं माहीत होतं.

"पंख्यावरनं तू मला चार्जर शिकवतीस?" लालासाहेब म्हणाले. "मी सोपानशी बोलतो." पेटी तिथंच टाकून ते निघून गेले.

रविवारी ती भाकरीचं फडकं घेऊन दवाखान्यात गेली. तीन नंबरच्या वॉर्डात सोपान उशीला टेकून बसला होता. गालफडं आत गेली होती. तिनं फडकं सोडायच्या आत तो म्हणाला, "सायब आलं हुतं. त्येंनी सांगितलंय तसं भर."

"तसा जळतोय."

"जळू दे. आपून सांगितल्यावानी केलं, आपल्यावर बोल न्हाई येत. हितं मला खाट दिलीया, औशद देत्यात. ह्येंच्यासंगं वाकडं कशाला घेतीस?"

"आवं, जळनार हे ठावं आसून गुंडाळू? कुनाच्या नावानं?"

"दुकान माझ्या नावाचं हाय," सोपान म्हणाला, आणि त्याला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली. मग तो भिंतीकडं तोंड करून पडला. खिडकीतनं चढ दिसत होता. एका म्हातारीला खुर्चीत घालून दोन वॉर्डबॉय वर नेत होते. मधेच एकाचा पाय घसरला तशी म्हातारीनं त्याच्या मानेला घट्ट मिठी मारली. पारूबाईनं भाकरी उशाशी ठेवली आणि स्टँडची वाट धरली.

पेटीला चार दिवस लागले. जळकी तार उलगडताना तिनं वेढे मोजले. बाहेरच्या गुंडाळीचे भरले एकशे साठ. तिनं घातले एकशे ब्याण्णव. आतली गुंडाळीही त्याच हिशोबानं वाढवली. एवढी तार जुन्या मापाच्या जागेत मावेना, म्हणून एक नंबर बारीक तार घेतली. दोन थरांच्या मधे कागद, वर वार्निश, मग दोन दिवस पत्र्यावर उन्हात. वीज एकाच दिशेनं सोडणाऱ्या दोन डायोडपैकी एक फुटला होता. तो बॅटरीच्या सेलवर आणि बल्बवर तपासून तिनं सांगलीहून नवा आणवला. प्रत्येक वेढा ओढून घेताना सोपानचं बोलणं तिच्या डोक्यात घुमायचं. मग तिचा हात आणखी घट्ट व्हायचा.

जीप काही आली नाही. पाचव्या दिवशी तिनं पेटी पोत्यात बांधली आणि पहाटेच्या एसटीत घातली. कराडला गाडी बदलताना हमालानं हात लावला, बाकी ओझं तिचं तिनंच ओढलं. नऊला ती दवाखान्याच्या गॅरेजपुढं उभी होती.

"किती वेढे घातलेस?" लालासाहेबांनी पहिलं तेच विचारलं.

"एकशेब्यान्नव."

"मी काय सांगितलं हुतं?"

"हुतं तेवढंच. एकशेसाठ. मी ऐकलं न्हाई. तार बारीक पडलीया, तवा आठ तासांत भरायची ती गाडी अकरा तास घील. ते आधीच सांगते."

"मी न्हाई लावनार. जळला तर जबाब मला द्यावा लागतोय."

"लावा तुमी. मी हात ठेवून हितंच बसते. जळला तर पयला माझा हात भाजंल."

"बाई, सेम टू सेम म्हनलं हुतं मी."

"दोन डाव सेम टू सेम झालं, सायब. दोन्ही डाव काळं झालं. आता माझं एक डाव हुं द्या, मग मला काय बोलायचं ते बोला."

लालासाहेबांनी मिशीवरनं हात फिरवला. मग पेटीपुढं उकिडवे बसून त्यांनी ती पितळी पट्टी वाचली. बराच वेळ वाचली. साठापुढं सायकल असं लिहिलं होतं; तिकडची लाईट सेकंदाला साठ हेलकावे घेणारी, आपली पन्नास. उठून त्यांनी डबा जोडला, गाडीची वायर लावली आणि बटण दाबलं.

पेटी गुणगुणू लागली. पेटीवरच्या मीटरचा काटा उठला आणि मध्याच्या अलीकडं थांबला. पारूबाई जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिनं तळवा पेटीवर ठेवला. पूर्वी तासाभरात पेटीला हात लावता येत नसे, रंगाचा वास सुटायचा. दहा वाजले, अकरा वाजले. लालासाहेब दर तासाला येऊन हात लावून जात होते. बाराला त्यांनी एक स्टूल आणून तिच्याशेजारी ठेवलं. ती स्टुलावर बसली नाही. आपल्या भाकरीचं फडकं तिनं त्याच्यावर ठेवलं. दुपारच्या रणरणत्या उन्हात, पत्र्याच्या गॅरेजात, पेटी चुलीमागच्या भिंतीइतकी कोमट झाली आणि त्याच्यापुढं गेली नाही. चारनंतर काटा हळूहळू खाली उतरायला लागला. बॅटऱ्या भरत आल्या होत्या.

सहाला मोठे डॉक्टर फेरीवरनं येताना थांबले. लालासाहेब ताठ उभे राहिले. "सर, चार्जर चालू झाला. सोपानच्या दुकानात करवून घेतला. आपला तीन नंबरचा पेशंट."

"मालक तीन नंबरात पडून हायती," पारूबाई जागेवरनं म्हणाली. "त्येंनी हात लावला न्हाई. ह्ये मी केलंय."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, मग लालासाहेबांकडं. लालासाहेबांचा चेहरा लाल झाला. क्षणभरानं ते म्हणाले, "बरोबर हाय सर. हिनंच केलंय. मी नगं म्हनत हुतो." दुरुस्तीच्या वहीत त्यांनी तिच्यादेखत लिहिलं, आणि नाव कसं लिहू म्हणून विचारलं. तिनं सांगितलं ते लिहिलं.

शेवटच्या एसटीला अजून अवकाश होता. ती वॉर्डात गेली. बातमी तिच्याआधी पोचली होती. सोपान उठून बसला होता, तिच्याकडं न बघता चादरीची दशी ओढत होता.

"कागद कुठला घातलास?" त्यानं विचारलं.

"पिवळा. दोन थराला एक."

"तार?"

"एक नंबर बारीक."

"लय बारीक झाली. मी आसतो तर आतल्या लोखंडी गाभ्याच्या पत्र्या बदलून जागा केली आसती."

"मग लवकर बरं हुन या," पारूबाई म्हणाली, "आन दुसरा भरून दावा. तवर माझा चालतोय."

 सोपाननं पाय आखडून खाटेवर तिला जागा करून दिली, आणि पंख्याच्या वेळी नेमके किती वेढे घातले होते ते तिला पहिल्यांदाच विचारलं.