हसरा, मख्ख आणि रडका

मी एक जुना खोका आहे, मित्रांनो, पण साधासुधा नाही. मला तीन तोंडं आहेत. एक हिरवं, हसरं. मधलं पिवळं, मख्ख. आणि तिसरं लाल, रडकं. तिघांत मिळून जीभ मात्र एकही नाही. त्यामुळे जे वेळेवर सांगता आलं नाही, ते आज जिन्याखालच्या अडगळीतून सांगतो आहे. इथे सोबतीला मोडक्या खुर्च्या आहेत आणि एक फुटकी बादली आहे. त्यांचं ऐकून झालं, आता माझं ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्हा भावंडांच्या पोटात तारा भरणाऱ्या एक ताई होत्या. काम झालं की त्या प्रत्येकाचं हिरवं बटण दाबून बघत. हिरवं दाबलं की आत एक छोटी धून वाजायची आणि ताईंना दर वेळी हसू यायचं. लाल दाबलं की नुसतं ‘टुक्’. जगात लोक हिरवंच जास्त दाबणार, असं मला तेव्हा वाटायचं. लहानपणी सगळ्यांनाच असं वाटतं.

तिथून मी आलो एका सरकारी कचेरीत. कचेरीत तेव्हा सुधारणेचं वारं शिरलं होतं. लाकडी खिडकी जाऊन काचेची आली होती, कागद जाऊन संगणक आले होते, आणि भिंतीवर ‘आपली सेवा, आमचे भाग्य’ असं ठळक रंगवलं होतं. मला दारापाशी खांबावर बसवलं. फीत कापून झाल्यावर साहेब म्हणाले, “हा नागरिकांचा आवाज आहे.” टाळ्या पडल्या. मी फुगून गेलो. शिपायाने मात्र मला खालून वर न्याहाळलं आणि माझं नाव ठेवलं तीनतोंड्या. तेच चिकटलं.

माझं काम सोपं होतं. काम करून बाहेर पडणाऱ्याने आपल्या मनासारखं एक तोंड दाबायचं. महिनाअखेरीला माझ्या पोटातले आकडे वरच्या मजल्यावर साहेबांकडे जात. कुणी दाबलं, का दाबलं, ते जात नसे. हिरवे इतके, पिवळे इतके, लाल इतके, बस्स. सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. मुलं धून ऐकायला पुन्हापुन्हा हिरवं दाबत. एक गृहस्थ तर येताजाता छत्रीच्या टोकाने मला लालवर टोचून जात. त्यांचा राग नेमका कुणावर होता ते मला कळलं नाही.

मग एका मंगळवारी काजबटणवाल्या मावशी आल्या. शिंप्यांच्या दुकानांतले कपडे घरी नेऊन त्या काजं करत, बटणं लावत. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले होते आणि पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. अशा माणसाच्या घरी परिचारिका पाठवायची सोय या कचेरीत होती. पूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की खिडकीवरच्या बाई लगेच कुणाला तरी धाडत. सुधारणा झाल्यावर कुणी खोटा रुग्ण दाखवू नये म्हणून नवा नियम आला. रुग्णाचा फोटो कचेरीतल्याच कॅमेऱ्याने काढायचा, तरच अर्ज पुढे सरकणार.

“अहो बाई, त्यांना इथवर येता आलं असतं, तर मी नर्स कशाला मागितली असती?” मावशी म्हणाल्या.

“मला पटतं हो मावशी. पण फोटोशिवाय पुढचं पानच उघडत नाही. मी तरी काय करू?”

“मग ज्यांना उघडता येतं त्यांना बोलवा की.”

“ते वर असतात.”

मावशी चिठ्ठी हातात धरून उभ्याच राहिल्या. शिपायाला दया आली. त्यांची काहीतरी समजूत काढावी म्हणून तो म्हणाला, “मावशी, जाताना ते लाल दाबा. वर कळतं.”

मावशींनी ते शब्दशः खरं मानलं. पिशवी खाली ठेवली, हात फडक्याला पुसला आणि सुईने घट्टे पडलेला अंगठा माझ्या रडक्या तोंडावर जोरात दाबला. टुक्. मग खुर्चीवर बसून त्या कचेरी बंद होईपर्यंत जिन्याकडे बघत राहिल्या. वर कळलं आहे, म्हणजे कुणीतरी उतरून येणार, अशी त्यांची खात्री होती.

त्यानंतर दर मंगळवारी कपडे पोचते केले की त्या येत. “आयुष्यभर बटणं लावली, आता दाबायची पाळी आली,” असं म्हणून हसत. मग माझ्याजवळ वाकून हळूच सांगत. आज ताप आहे त्यांना. रात्रभर कण्हत होते. जखम खोल गेली म्हणतात डॉक्टर, जरा लवकर पाठवा. आणि टुक्. मी सगळं ऐकायचो आणि पोटात लिहून घ्यायचो, लाल, एक.

एकदा शेजाऱ्यांनी यजमानांना खुर्चीत बसवून जिना उतरवायचा प्रयत्न केला. मावशी चौथ्या मजल्यावर राहत. अर्ध्या वाटेत ते असे ओरडले की धरणाऱ्यांनी खुर्ची तिथेच टेकवली, आणि सगळे पुन्हा वर गेले. मावशींनी हे मला सांगितलं तेव्हा त्या ओशाळल्या होत्या, जणू त्यांचीच काही चूक झाली होती. खिडकीवरच्या बाईंनीही वर लिहून कळवलं होतं. ‘मुद्द्याची नोंद घेतली आहे,’ असं उत्तर आलं.

वर काहीच कळत नव्हतं असं नाही. साहेबांनी निरोप धाडला, “खाली लाल फार दिसतंय. जरा लक्ष द्या.” लाल का, हे बघायला ते उतरले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायची सवय एकदा लागली की जिना फार उंच वाटतो. निरोपाचा अर्थ खालच्यांनी आपापल्या परीने लावला. रोज संध्याकाळी झाडलोट झाली की शिपाई माझ्यापाशी येऊन हिरवं दाबत सुटे. रिकाम्या कचेरीत धून वाजत राही. “पोटासाठी करावं लागतं रे, तीनतोंड्या,” तो म्हणायचा. मला त्याचा राग येत नसे. कीव मात्र यायची, त्याचीही आणि माझीही.

पुढे माझं लाल बटण झिजून बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, “हा भाग आता येत नाही,” म्हणाला आणि पुन्हा बंद केलं. मंगळवारी मावशींनी अंगठा दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला.

“दादा, हे वाजत का नाही?”

शिपाई झाडूकडे बघत राहिला. “आता थेट वर जातं, मावशी. आवाजाची गरज नाही.”

“बरं झालं बाई. म्हणजे आता वेळ लावणार नाहीत.”

मित्रांनो, त्या क्षणाइतका असहाय मी कधीच नव्हतो. तोपर्यंत निदान ‘लाल, एक’ एवढं तरी जात होतं. आता तेही नाही. लाल उरलंच नाही, त्यामुळे आमची कचेरी सगळ्या कचेऱ्यांत पहिली आली आणि तिला ढाल मिळाली.

ढालीसोबत माझा फोटो काढायचा ठरला तो नेमका मंगळवार होता. जिन्यावर बूट वाजले. खुर्चीवरच्या मावशी ताडकन उठल्या. इतके दिवस ज्यांची वाट बघितली ते खरोखरच उतरून येत होते. चिठ्ठी पुढे धरून त्या माझ्याजवळ आल्या.

“मावशी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय,” फोटोवाला म्हणाला.

मावशी बाजूला झाल्या. साहेबांनी माझ्या हिरव्या तोंडावर हात ठेवला. फोटो झाल्यावर त्यांना मावशी दिसल्या. “खिडकीवर द्या हं,” ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “तिथे लगेच होतं.” त्यांना तसं मनापासून वाटत होतं, कारण माझे आकडे तसंच सांगत होते.

पुढच्या मंगळवारी मावशी आल्या नाहीत. त्यानंतर आल्या त्या भलत्याच वारी, पिशवीशिवाय. “बाई, तो अर्ज काढून टाका,” त्या खिडकीपाशी म्हणाल्या. बाई उठून उभ्या राहिल्या. मग पुन्हा बसून त्यांनी अर्ज उघडला. संगणकाने कारण विचारलं, तेव्हा त्यात ‘सेवा मिळाली’ आणि ‘अर्जदाराची माघार’ एवढीच दोन कारणं होती. बाईंनी डोळे पुसत माघार लिहिली.

जाताना मावशी सवयीने माझ्यावर वाकल्या. “आता नका म्हणावं येऊ,” त्या हळूच म्हणाल्या. “उगाच कुणाला हेलपाटा नको.” लाल म्हणजे या, तर हिरवं म्हणजे नका येऊ, असा त्यांनी अर्थ लावला असणार. त्यांनी हिरवं दाबलं.

माझी धून सुरू झाली. मला ती थांबवता येईना. मावशी दचकल्या, त्यांच्या अंगठ्याखाली ती कधी वाजली नव्हती. बाईंनी तोंड फिरवलं, शिपाई बाहेर निघून गेला. मधेच उठून जाणं बरं दिसणार नाही म्हणून की काय, धून संपेपर्यंत मावशी माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मग गेल्या. त्या महिन्याच्या आकड्यांत एक हिरवा वाढला.

आता लोक फोनवरच चांदण्या देतात म्हणे. मला खांबावरून उतरवून इथे टाकलं, त्याचं मला दुःख नाही. अडगळीतल्या खोक्याचं कुणी ऐकेल अशी आशाही नाही. तरी विनवणी करतो. तुमच्यापैकी कुणीतरी उद्या त्या वरच्या मजल्यावर बसेल. आकडे छान आले, की तेव्हाच जिना उतरून खाली या आणि खुर्चीवर कोण बसलं आहे ते बघा. कुणाला हेलपाटा पडू नये याची काळजी मावशी शेवटपर्यंत करत होत्या. त्यांचे हेलपाटे मोजणारं बटण माझ्यावर कुणी बसवलंच नव्हतं.