डब्यात परत गेलेलं वचन

माघाचं कोवळं ऊन अजून मुळा नदीच्या पाण्यात पाय सोडून बसलं होतं. पूर्वेच्या कपाळी केशर नुसतं टेकलं होतं, करडईच्या काटेरी मुकुटांवर दव जागं होतं, शाळूची मोतीभरली कणसं वाऱ्याशी हळू कुजबुजत होती. आणि देवाची एवढी सुवर्णसकाळ दारात उभी असताना माझी धाकटी सून तबीथा देवालाच फसवायला बसली होती.

होय, फसवायलाच. मी मऊ शब्द शोधणार नाही. मऊ शब्दांचा साठा माझ्याकडे मुळात थोडा, आणि तो मी नातवासाठी राखून ठेवलाय.

आमच्या खिडकीच्या फळीवर एक पत्र्याचा डबा आहे. आमच्या मालकांनी प्रभूकडे जाण्याआधी शास्त्रातली वचनं चिठ्ठ्यांवर उतरवली, चिठ्ठ्यांच्या सुरळ्या वळल्या आणि त्या डब्यात भरून ठेवल्या. चूल पेटण्याआधी एक सुरळी निघते. जी निघेल ती वाचायची. जी वाचली ती दिवा लागेपर्यंत जगायची. देण्याचं वचन निघालं, तर हात उघडायचा. क्षमेचं निघालं, तर ओठ दाबून का होईना, क्षमा करायची. मौनाचं निघालं, तर मी, मीसुद्धा, दिवसभर गप्प राहते. त्या दिवशी वस्तीतल्या बायका मुद्दाम माझ्या दारावरून दोनदा जातात.

घर म्हणजे आणखी काय असतं? भिंती पावसाच्या, पत्रा वाऱ्याचा, माणसं मातीची. त्या सगळ्यांखाली जो खडक लागतो, तो माझ्या घरी त्या डब्यात आहे. शाळेनं मला दुसरीपलीकडे नेलं नाही. पुढची वाट सुरळ्यांनी दाखवली, अक्षर अक्षर, पाऊल पाऊल.

आणि आज पहिल्या पिकाचा रविवार! वर्षभराचा घाम आज फुलासारखा सजून चर्चला निघतो. घरोघरची पहिली पेंडी आज वेदीपुढे ठेवली जाते. आमच्या घरची पेंडी इतकी वर्षं माझ्या डोक्यावरून गेली. ह्या वर्षी ती तबीथाच्या डोक्यावर जायची होती, कारण शाळू तिनं पेरला होता. पाभरीमागं चालत, चाड्यावर मूठ धरून, दिवस भरत आलेले असताना. पेंडीच्या पाठोपाठ तो डबाही तिच्या हाती द्यायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. कुणाला बोलले नव्हते. बरं झालं.

कारण तिनं डबा उघडला, सुरळी काढली, उलगडली, वाचली, आणि गालांवरची सारी पहाट मावळली. तिनं खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिलं. मग तिच्या चपळ बोटांनी ती सुरळी पुन्हा वळली, डब्यात ढकलली आणि दुसरी काढली.

“आत्याबाई, ऐका तरी! कोठारं भरून वाहतील, असं निघालंय. सणाला कसं अगदी शोभतंय!”

“शोभतं हो,” मी म्हणाले. “दुसऱ्या खेपेला सगळंच शोभतं.”

ती ऐकून न ऐकल्यासारखी पेंडी बांधायला वळली. कान मात्र लाल झाले होते.

मी डब्यापाशी गेले. घाईत ढकललेली सुरळी वरच अर्धवट उघडी पडली होती. मी डोळे बारीक करून शब्द लावले. वेदीकडे अर्पण घेऊन निघाला असाल, आणि आपल्या माणसाच्या मनात आपल्याबद्दल सल आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी त्याच्याकडे जा. अशा अर्थाचं होतं ते. मालकांचं अक्षर. जणू ते स्वतः खिडकीत उभे राहून बोलत होते.

समोरच्या घरात माझी थोरली सून रिबका राहते. रिबकाची ओटी देवानं रिकामी ठेवली, का ते त्यालाच ठाऊक. पण तिचे हात? शुभ्र, शांत, सदा कामात. तबीथाला दिवस राहिले तेव्हा त्याच हातांनी बाप्तिस्म्याचं अंगडं शिवलं. दुधासारखं पांढरं, कडेला बारीक जाळी. आमच्या वस्तीत बाळाला बाप्तिस्म्याच्या पात्रापर्यंत थोरली चुलती नेते. तिच्या हातून ते पाळकसाहेबांच्या हाती जातं. ही रीत, हा मान.

तबीथाच्या माहेरच्या कुणीतरी तिच्या कानात विष ओतलं, की पहिलं मूल रिकाम्या ओटीत देऊ नये. आणि जी पोर रोज सकाळी वचन वाचते, तिनं ते मानलं! ऐन वेळी बाळ ओबेदला तिनं आपल्या बहिणीच्या हाती दिलं. अंगडं घातलं, शिवणारी वगळली. रिबका दगडी पात्राजवळ हात पुढे करून उभी होती. ते पुढे केलेले हात तिनं हळूच पदराखाली घेतले. मी ते पाहिलं. तेव्हापासून आमच्या अंगणात दोन चुली आहेत आणि त्यांच्यामध्ये न बोललेला पावसाळा आहे.

घंटा वाजली! टणटणली, थरथरली, साऱ्या शिवारावर तांब्याचा नाद उधळला. गल्लीगल्लीतून माणसं निघाली, जरीची, जांभळी, कोरी, कडक इस्त्रीची. ढोलकी घुमली, झांजा खणखणल्या. हरभऱ्याचे डहाळे, उसाच्या मोळ्या, पाटीत निजलेले भोपळे, पाय बांधलेला एक संतापलेला कोंबडा, सगळे देवाकडे निघाले. आणि सर्वांपुढे तबीथा! डोक्यावर शाळूची पेंडी, कडेवर ओबेद, कपाळावर कणसांची डोलती सावली. काय सांगू, दिसत होती राणीसारखी! माझी छाती भरून आली, आणि माझी जीभ मी दातांखाली धरली.

का धरली? मालक सांगायचे, वचन दाखवावं, ढकलू नये. ढकललेलं माणूस वेदीपर्यंत पोचतं, देवापर्यंत पोचत नाही. म्हणून मी चालत राहिले, तिच्या मागोमाग, तोंडात अंगार धरल्यासारखी.

रिबका मिरवणुकीत नव्हती. ती शेतात होती. भोरड्यांचे गुलाबी-काळे थवे उभ्या पिकावर उतरत होते, आणि ती माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत होती. तबीथाच्याच शाळूवरची पाखरं हाकत होती. बोलणं बंद होतं, राखण बंद नव्हती.

चर्चच्या दारातून आत जाताना डावीकडे ते दगडी पात्र आहे. आज सणासाठी कुणीतरी त्यात पाणी भरून झेंडूच्या पाकळ्या सोडल्या होत्या. तबीथा तिथवर आली. पेंडी सावरायला जरा वाकली. पाण्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं, ओबेदचं दिसलं, आणि तिसरी एक जागा दिसली, मोकळी.

ती थांबली. मागची रांग थांबली. ढोलकी चुकली, झांज लटकली, कोंबडा तेवढा ओरडत राहिला.

“चल ना गं, ऊन चढतंय,” मागून कुणी म्हणालं.

तबीथानं पेंडी डोक्यावरून उतरवली, पायरीवर ठेवली, अगदी झोपलेल्या लेकरासारखी. चपला तिथंच राहिल्या. आणि ती वळली. आणि ती धावली! कडेवर ओबेद, पदर वाऱ्यावर, करडईच्या शेतातून सरळ, बांध न बघता, काटे न बघता, केशराच्या लाटेतून जशी एखादी नाव निघावी तशी. भोरड्यांचा अख्खा थवा आभाळात उसळला. मीही निघाले. गुडघे कुरकुरले, मी त्यांना दटावलं.

बांधाशी पोचले तेव्हा ती माळ्याखाली धापा टाकत उभी होती, आणि रिबका वरून पाहत होती, गोफण हातात, दगड अजून गोफणीत.

“काय गं,” रिबका म्हणाली, “आज माझी सावली पडत नाही का तुझ्या लेकरावर?”

“पडू दे, अक्का. पडावी म्हणूनच आणलंय.”

“आत्याबाईंनी पाठवलं वाटतं?”

“त्या? सकाळी एक टोमणा मारला, तेवढाच. पुढं एक शब्द बोलल्या नाहीत.”

“अगं बाई!” रिबकाच्या हातून दगड निसटला. “बऱ्या आहेत ना?”

मी बांधावरून खाकरले.

तबीथा हसली नाही. तिनं ओबेदला दोन्ही हातांवर घेतलं आणि वर उचललं. “मी खोटं मानलं, अक्का. लोकांचं मानलं, देवाचं नाही. तुमच्या हातांना मी अशुभ म्हटलं. त्याच हातांचं अंगडं माझ्या लेकराच्या अंगावर होतं. आज पेंडी पायरीवर ठेवून आलेय. तुम्ही ह्याला घेऊन पुढे चाललात, तरच ती उचलीन.”

वारा थांबला. शाळू थांबला. ओबेदनं तेवढे दोन्ही हात वर केले, त्याला गोफणीची दोरी हवी होती.

रिबका गोफण टाकून माळ्यावरून उतरली, सवयीनं हात पदराखाली घेऊन उभी राहिली. पदराखालून तिचे हात बाहेर आले, हळूहळू, जसे मिटलेले पंख उघडावेत. ओबेद त्या हातांत गेला आणि त्यानं लगेच तिचं नाक पकडलं. मग ती रडली, हसली, पुन्हा रडली. तबीथानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. आणि मी? मी भोरड्या हाकल्या. पीक कुणीतरी राखायला नको का?

आम्ही परतलो तेव्हा पाळकसाहेबांनी गीत थांबवून ठेवलं होतं. अख्खी वस्ती पायरीवर खोळंबून उभी होती. रिबका पुढे, ओबेद तिच्या छातीशी, दगडी पात्राजवळून हळू, ताठ, मानानं. पाळकसाहेबांनी मान लववली. मागे तबीथानं पेंडी पुन्हा डोक्यावर घेतली. मग तिचं लक्ष आपल्या पायांकडे गेलं. मातीनं माखलेले, काट्यांनी ओरखडलेले, करडईच्या पाकळ्या चिकटलेले. देवाच्या दारात असे पाय! ती ओशाळून ते पदरानं पुसायला वाकली.

तेव्हा सकाळपासून धरलेली जीभ मी सोडली, साऱ्या वस्तीदेखत, मोठ्यानं:

“थांब, तबीथा! सकाळी तू देवाचा शब्द डब्यात परत ढकललास. ते मी विसरणार नाही, विसरणं माझ्या स्वभावातच नाही. पण तोच शब्द तू पायांनी वाचलास, धावत, अनवाणी. मला आयुष्यभर डोळ्यांनीसुद्धा इतका नीट वाचता आला नाही. उद्यापासून डबा तुझा. निघेल ते वचन, पहिलंच, कडू निघालं तरी. आणि ते पाय पुसू नकोस, पोरी. माती राहू दे, काटे राहू देत, केशर राहू दे. अशीच चल आत. देवाला आज पेंडीच्या आधी तुझी पावलं दिसू देत.”