अंबुबाईंची डावी बाजू

मी एक टोपी बोलतेय. उन्हातान्हात घालायची नव्हे. माझ्या कापडावर धातूच्या बारीक चकत्या बसवल्या आहेत. डोक्यावर चढवलं की मेंदूतले विजेचे तरंग मी टिपते आणि शेजारच्या पडद्यावर त्यांच्या रेघा उमटतात.

मला आणलं डॉ. मंजुषाताईंनी, चिंचवडच्या एका लहानशा प्रयोगशाळेत. सुंदर काही पाहिलं की मेंदूत काय होतं, हा त्यांचा विषय. सहकारी हसायचे. "सौंदर्य मोजून कुणाचं भलं होणार?" ताई मात्र लोकांना चित्रं दाखवत आणि रेघा वाचत राहात. मी कारखान्यातल्या कामगारांच्या डोक्यावर बसले, आयटीतल्या मुलींच्याही. केसांत चिकट जेल गेलं की तोंड मात्र सगळेच सारखं वाकडं करायचे!

मग एकदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून वाकडहून अंबुबाई आल्या. बरोबर मुलगा रणजीत आणि सून दिपाली. अंबुबाईंच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. त्या वाचल्या, हिंडूफिरू लागल्या, पण जगाला डावी बाजू असते हेच त्यांच्या मेंदूला उमगेना. ताटातली उजवीकडची भाजी संपायची, डावीकडची भाकरी तशीच राहायची. रोज दारात रांगोळी काढायच्या, तीही उजवी अर्धीच.

"सोसायटीतले लोक हसतात, मॅडम," रणजीत म्हणाला. "मी रांगोळीचा डबाच उचलून ठेवणार आहे."

"त्याच्यावाचून त्या दिवसभर गप्प बसतील हो," दिपाली हळूच म्हणाली.

ताईंनी मला अंबुबाईंच्या डोक्यावर चढवलं. पडद्यावर एक पुरी रांगोळी दाखवली, मग एक नुसती उजवी अर्धी.

"दोन्ही सारख्याच की," अंबुबाई म्हणाल्या.

पण माझ्या रेघा सारख्या नव्हत्या! ताई खुर्चीतून उठल्याच. जे अंबुबाईंना कळत नव्हतं, ते त्यांच्या मेंदूला कुठेतरी कळत होतं का? हे सिद्ध झालं असतं, तर सहकाऱ्यांची हसणारी तोंडं बंद झाली असती.

त्यांनी पुढे बरेच दिवस पुन्हा पुन्हा तपासलं. कधी फरक दिसे, कधी नाही.

"चांगल्या दिवसांचेच आकडे घेऊ या का?" त्यांची विद्यार्थिनी सायली म्हणाली.

"नको. नक्की नाही ते नक्की म्हणायचं नाही."

रणजीतला हे सांगितलं तेव्हा तो चिडला. "मग एवढं करून उपयोग काय झाला?"

 ताईंनी मला टेबलावर ठेवलं, रांगोळी मागवली आणि अंबुबाईंना फरशीवर काढायला बसवलं. अर्धी झाली. "झाली बघा," त्या म्हणाल्या.

"रणजीत, आता तुम्ही यांच्या डावीकडे बसा. उरलेली काढा, आणि त्यांना हाक मारत राहा."

तो अवघडून बसला. त्याच्या चिमटीतून रांगोळी सांडत होती. "आई, हिकडं बघ. आई, हिकडं."

तिसऱ्या-चौथ्या हाकेला अंबुबाईंची मान हळूहळू वळली. नजर त्याच्या हातावर आली, मग फरशीवर.

"आरं, ही कुनी काढली? ठिपकं समदं वाकडं गेल्यात की!"

रणजीत हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं.

त्या क्षणाची एकही रेघ माझ्याजवळ नाही.

आता माझ्या चकत्या झिजल्यात. नवी टोपी आली आहे, मी कपाटात असते. रणजीत रोज सकाळी आईच्या डावीकडे बसतो, असं दिपाली सांगून गेली. ताईंचं काम अजून चालूच आहे, पण आता त्या टोपी चढवण्याआधी माणसाशी पुष्कळ बोलतात. तुमच्याही घरात कुणाला तुम्ही दिसेनासे झाला असाल, तर रागावू नका. जवळ जाऊन बसा आणि हाक मारा. पहिल्या हाकेला मान वळणार नाही कदाचित. येते मी.