कढईवाल्या मिस्त्रींची बस

बंदरात तेलाची जहाजं येईनाशी झाली, तेव्हा बस आगारातल्या चाळीसपैकी छत्तीस गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आगाराच्या मिस्त्रींचा मागच्या शेडमध्ये तीन वर्षं एक खटाटोप चालला होता. खानावळींतलं तळणाचं जुनं तेल आणायचं, गाळून तापवायचं, त्यात रसायन घालून इंजिनाला पचेल असं इंधन बनवायचं. सगळे त्यांना कढईवाले मिस्त्री म्हणून हसायचे.

आता मोठे साहेब स्वतः शेडमध्ये आले आणि जेवढं होईल तेवढं करा म्हणाले. मिस्त्रींनी दिवसरात्र खपून एक बस रस्त्यावर आणली. ती त्यांची धाकटी बहीणच चालवायची आणि इस्पितळातल्या परिचारिकांची ने-आण करायची. एकेचाळीस दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही.

मग जहाजं आली आणि ये रे माझ्या मागल्या. आठवड्याच्या आत शेडला कुलूप लावायचा हुकूम निघाला. मिस्त्री फेऱ्यांची वही घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. या इंधनाला नियमात जागाच नाही, उद्या काही झालं तर सही कोणाची, असं त्यांचं म्हणणं.

"मग एकेचाळीस दिवस कोणाची होती?" मिस्त्रींनी विचारलं.

"तेव्हा अडचण होती हो," साहेब म्हणाले.

बहीण भडकली, वर्तमानपत्रात देऊ म्हणाली. मिस्त्रींनी तिला थांबवलं आणि रीतसर परवानगीसाठी अर्ज केले. पहिला हरवला. दुसरा भलत्याच खात्यात गेला. तिसरा परत आला, कारण 'डिझेल की पेट्रोल' या रकान्यात त्यांनी दोन्हींवर काट मारली होती. तोवर शेडमधली पिंपं आणि नळ्या भंगारात गेल्या होत्या.

पाच महिन्यांनी जहाजं पुन्हा अडली. साहेबांचा फोन आला, आवाज लोण्यासारखा. किती दिवसांत सुरू करता? सामान मिळालं तर दीड महिना, मिस्त्रींनी सांगितलं, पण आधी लेखी परवानगी हवी.

"अहो, कागद हलायलाच तीन महिने जातील. तुम्ही सुरू तर करा."

"नाही," मिस्त्री म्हणाले.

कामाला नाही म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि त्यात कसलंच समाधान नव्हतं. खिडकीतून त्यांना बहीण दिसत होती. टाकी रिकामी असलेल्या बसमध्ये ती स्टिअरिंगवर हात टाकून बसली होती. फोन ठेवून ते तिला सांगायला निघाले.